हार पडण्याआधी

सोलापुरातल्या कुठल्याही गजबजलेल्या चौकात मान वर केली की दोन प्रकारचे फ्लेक्स दिसतात. एकावर वाढदिवसाच्या शुभेच्छा, दुसऱ्यावर भावपूर्ण श्रद्धांजली. फोटो मात्र दोन्हींवर एकाच जातीचा: कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला टिळा, हात जोडलेले, चेहरा संगणकावर चार छटा उजळवलेला. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर खाली बारीक बारीक चेहऱ्यांची रांग असते, तिच्यावर 'शुभेच्छुक' लिहिलेले असते. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर तीच रांग 'शोकाकुल' होते. बाकी फरक म्हणजे मोठ्या फोटोभोवती एक हार आणि बाजूला एक ज्योत. माणसाच्या बाबतीत घडू शकणारा सगळ्यात मोठा बदल दाखवायला आपल्या आजच्या चित्रभाषेकडे एवढेच सामान आहे. आणि तो हार इतका पक्का संकेत, की भिंतीवरच्या जिवंत माणसाच्या फोटोला चुकून कोणी हार घातला तर घरातली वडीलधारी माणसे अंगावर धावून येतात.

प्रश्न असा आहे: माणसाच्या चित्रात मृत्यूची खूण घालायची ती केव्हा? तो असताना की तो गेल्यावर? युरोपातल्या पंधराव्या-सोळाव्या शतकाने, ज्याला आपण प्रबोधनकाळ किंवा रेनेसाँस म्हणतो त्याने, 'तो असताना' असे उत्तर दिले होते. आपण पिढ्यान्‌पिढ्या 'गेल्यावर' असे म्हणत आलो. दोन्ही उत्तरांमागे विचार होता. पण आपल्या उत्तराला ज्या गोष्टींचा टेकू होता त्या एकेक करून सुटत चालल्या आहेत, आणि शेवटी हातात नुसता हार उरला आहे, असे माझे म्हणणे आहे. म्हणून ते परके उत्तर एकदा नीट पाहून घ्यावे आणि त्यातले घेण्याजोगे घ्यावे.

लंडनच्या नॅशनल गॅलरीत हान्स होल्बाइनने १५३३ मध्ये रंगवलेले एक मोठे चित्र आहे. उंची-रुंदी दोन्ही दोन-दोन मीटरच्या वर. 'द अँबॅसडर्स' या नावाने ते ओळखले जाते. त्यात दोन फ्रेंच गृहस्थ उभे आहेत. डावीकडचा जाँ द दँतव्हिल, इंग्लंडच्या दरबारातला फ्रान्सचा वकील, वय २९. उजवीकडचा जॉर्ज द सेल्व्ह, बिशप, वय २५. हे आकडे चित्रातच लिहिले आहेत, एक खंजिराच्या म्यानावर आणि दुसरा पुस्तकाच्या कडेवर. दोघांच्या मध्ये दोन फळ्यांची घडवंची आहे. वरच्या फळीवर गालिचा, आकाशगोल, सूर्यघड्याळे. खालच्या फळीवर पृथ्वीचा गोल, हिशेबाचे पुस्तक, बासऱ्या, ल्यूट नावाचे एक तंतुवाद्य. सत्ता, विद्या, पैसा, तारुण्य, काही म्हणता काही कमी नाही. पण त्यांच्या पायांशी, फरशीवर, एक लांबट करडा ठिपका तिरका पडला आहे. समोरून पाहिले तर कळत नाही ते काय आहे. चित्राच्या उजव्या बाजूला सरकून, भिंतीला खेटून पाहिले की तो ठिपका आवळून येतो आणि तिथे माणसाची कवटी दिसते. त्या कोनातून पाहताना दोन्ही गृहस्थ मात्र दबून, पसरून ओळखू येईनासे होतात. कवटी बघायची तर माणसे सुटतात आणि माणसे बघायची तर कवटी सुटते.

एवढ्यावर होल्बाइन थांबला नाही. ल्यूटची एक तार तुटलेली आहे. दँतव्हिलच्या टोपीवरच्या बिल्ल्यावर इवलीशी कवटी आहे. वर डाव्या कोपऱ्यात हिरव्या पडद्याआड अर्धा झाकलेला ख्रिस्ताचा क्रूस आहे. हे चित्र दँतव्हिलने स्वतः पैसे मोजून काढून घेतले होते. म्हणजे विशीतल्या एका माणसाने चित्रकाराला बोलावले आणि माझ्या वैभवाबरोबर माझे मरणही काढ, असे सांगितले. सेल्व्ह पुढे आठच वर्षांत, १५४१ मध्ये गेला. होल्बाइन १५४३ मध्ये.

हे एकट्या होल्बाइनचे वेड नव्हते. लुकास फुर्टेनागेलने १५२९ मध्ये आउग्सबुर्गचा चित्रकार हान्स बुर्कमायर आणि त्याची बायको आना यांचे जोडचित्र काढले. ते आज व्हिएन्नात आहे. आनाच्या हातात गोल आरसा आहे आणि दोघे उतारवयातले नवराबायको थकल्या डोळ्यांनी आपल्याकडे पाहत आहेत. आरशात त्यांचे चेहरे पडायला हवेत, तिथे दोन कवट्या आहेत. दोन वर्षांनी बुर्कमायर गेला. रोहियर व्हान डर वेडनच्या १४५२ च्या सुमाराच्या तीन फळ्यांच्या चित्रात आत ख्रिस्त आणि संत आहेत. फळ्या मिटल्या की बाहेरच्या अंगाला कवटी दिसते. नवरा मेलेल्या एका तरुण बाईशी हे चित्र जोडलेले आहे. गोसार्टने १५१७ मध्ये काढलेल्या कारोंदले याच्या चित्रातही पाठच्या अंगाला जबडा निखळलेली कवटी आहे. लोरेंझो लोट्टोच्या रोममधल्या एका चित्रातल्या काळ्या कपड्यांच्या माणसाच्या हाताखाली गुलाबाच्या पाकळ्या विखुरल्या आहेत आणि त्या पाकळ्यांत बोटाच्या पेराएवढी कवटी दडली आहे.

हे लोक असे का वागत होते? चौदाव्या शतकाच्या मध्यावर आलेल्या प्लेगने युरोपातली एक तृतीयांश तरी माणसे नेली होती, आणि नंतरही प्लेग अधूनमधून परत येत राहिला. 'चांगले कसे मरावे' हे शिकवणारी छोटी पुस्तके घरोघर वाचली जात होती. त्याच वेळी व्यापाराने नवा पैसा येत होता, आणि राजा-संतांखेरीज इतरांनाही स्वतःचे हुबेहूब चित्र काढून घेण्याची ऐपत आली होती. हुबेहूब चेहरा भिंतीवर टांगणे हा आपला गर्वच आहे, अशी चुटपूट त्या धर्मभीरू मनाला होती. कवटी हा त्या गर्वावर भरलेला दंड होता. लेओन बात्तिस्ता अल्बेर्तीने १४३५ मध्ये चित्रकलेवर लिहिताना म्हटले होते की चित्र दूरच्याला जवळ आणते आणि गेलेल्याला शतकांनंतरही जवळपास जिवंत दाखवते. चित्राला एवढी ताकद आहे असे मानले, तर त्या ताकदीला वेसण घालावीशी वाटणेही ओघाने आलेच.

अर्थात या विनयात ढोंगही होते. दोन मीटरचे चित्र, इंग्लंडच्या दरबारात काम करणारा चित्रकार, महागडी फर आणि वर 'मी मातीच आहे' म्हणायचे, हे फक्त श्रीमंताला परवडते. शेतमजुराला आपण मरणार आहोत हे सांगायला कवटी लागत नव्हती, ते त्याला पावसाळा आणि सावकार सांगत होते. युरोपातही गेलेल्यांची चित्रे काढली जात होतीच. गिर्लांदायोने १४८८ मध्ये काढलेली जोव्हान्ना तोर्नाबुओनी बाळंतपणात गेली होती, आणि गिर्लांदायोनेच काढलेले, नाकाला फोड आलेल्या एका म्हाताऱ्याचे डोळे मिटलेले रेखाचित्र स्टॉकहोममध्ये आहे, ते त्या म्हाताऱ्याच्या मृत्यूनंतर काढलेले असावे असे मानतात. तरी एक गोष्ट खरी. त्या दोनशे वर्षांत युरोपातल्या काही माणसांनी जिवंतपणी, शुद्धीत, स्वतःच्या चेहऱ्याशेजारी मृत्यूला बसायला जागा दिली. आपण तशी दिली नाही.

आपल्याकडे काय दिले गेले ते बघायला फार लांब जावे लागत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत वेशीपाशी, मारुतीच्या देवळाला टेकून किंवा जुन्या शिवालयाच्या आवारात काळ्या दगडाचे उभे कोरीव खांब असतात. गावकरी त्यांना देव म्हणून शेंदूर फासतात, तेल घालतात, क्वचित त्यांच्यावर कपडेही धुतात. हे वीरगळ. जवळ बसून खालून वर वाचायचे असतात. सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई असते. ढाल-तलवार घेतलेला एक माणूस, समोर शत्रू, कधी घोडे, कधी गाईंची रांग, कारण गावची गुरे वाचवताना मेलेल्यांचे वीरगळ पुष्कळ आहेत. पायाशी तोच माणूस आडवा पडलेला. त्याच्या वरच्या चौकटीत दोन्ही बाजूंनी अप्सरांनी धरलेला तो वर चाललेला आहे. सगळ्यात वर तो हात जोडून शिवलिंगापुढे बसला आहे, शेजारी पुजारी आणि नंदी. शेंड्याला कलश, आणि दोन कोपऱ्यांत चंद्र आणि सूर्य. चंद्रसूर्य असेपर्यंत याचे नाव राहो, असा त्याचा अर्थ.

शेजारी कधीकधी सतीशिळा असते: कोपरात वाकलेला, बांगड्यांनी भरलेला एक हात, पंजा उघडा. बाईचे शरीर नाही, तोंड नाही, फक्त हात. जिला जाळले तिचे व्यक्तिचित्र म्हणून मागे राहिल्या त्या बांगड्या.

वीरगळात मृत्यूची भीती नाही. कुजणे नाही, हाडे नाहीत, कवटी तर नाहीच. युरोपातली कवटी बघणाऱ्याला म्हणते, तूही असाच होणार. वीरगळ म्हणतो, हा असा झाला, तूही असा हो. युरोपीय चित्राला मृत्यूने गर्व उतरवायचा होता, आपल्या दगडाला मृत्यूने मान चढवायचा होता. गावाला संरक्षण हवे होते आणि पुढच्या लढवय्याला उमेद हवी होती, तेव्हा ही भाषा उपयोगाची होती, सुंदरही होती.

पण तिची किंमत दोन प्रकारांनी मोजावी लागली. पहिली गोष्ट चेहऱ्याची. वीरगळावरचा वीर कोणीही असू शकतो. शेजारच्या गावचा वीरही असाच दिसतो. दगड घडवणाऱ्याने साचा घेतला, त्या माणसाला पाहिलेसुद्धा नसेल. कर्नाटकाच्या बाजूला वीरगळांवर पुष्कळदा लेख असतो, नाव आणि प्रसंग कळतो. मराठी मुलखातल्या बहुतेक वीरगळांवर एक अक्षरही नाही. चंद्रसूर्य असेपर्यंत टिकायचे ठरलेले नाव दगडावर कधी आलेच नाही. देवघरातल्या टाकांचेही तेच. घरातला पूर्वज गेला की चांदीच्या छोट्या पत्र्यावर त्याचा टाक घडवून देवघरात बसवायची चाल अनेक मराठा-धनगर घरांत आहे. टाकावर घोडेस्वार असतो, हातात तलवार. ज्याच्या नावाने तो घडवला तो आयुष्यात घोड्यावर बसला असेलच असे नाही. मेल्यावर प्रत्येकाला तो घोडा मिळतो आणि त्याचा स्वतःचा चेहरा मात्र जातो.

दुसरी गोष्ट हक्काची. कोणाच्या मरणाला दगड मिळतो? लढाईत मेलेल्याला. मंगळवेढ्यात गावकुसाची भिंत बांधताना ती कोसळली आणि खाली चिरडलेल्या मजुरांत चोखामेळा होते. परंपरा हा प्रसंग शके १२६०, म्हणजे इसवी सन १३३८ चा मानते. भिंत बांधणाऱ्यांसाठी वीरगळ उभारायची पद्धत नव्हती. चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर झाली ती नामदेवांमुळे. कथा अशी की ढिगाऱ्यातल्या हाडांतून चोखोबांची हाडे कोणती हे नामदेवांनी विठ्ठलनामाचा आवाज ऐकून ओळखले. ही कथा इतिहास म्हणून तपासू नये. पण तिच्यात जो विचार आहे तो नीट ऐकावा. ज्याचा चेहरा कोणी कोरणार नव्हते, ज्याला जिवंतपणी देवळाच्या आत घेतले नाही, त्याची ओळख त्याच्या हाडांनी दिली. हाड मृत्यूची खूण म्हणून दाखवणारे होल्बाइनचे चित्र आणि हाड माणसाची खूण म्हणून दाखवणारी ही कथा. मला विचाराल तर दोन्हींत चोखोबांची कथा मोठी. नामदेवांनीही स्वतःसाठी चित्र मागितले नाही. महाद्वारातली पायरी मागितली, येणाऱ्याजाणाऱ्या संतांची पायधूळ लागावी म्हणून.

म्हणजे आपल्या परंपरेत मृत्यूचे भान होते, भरपूर होते. ते चित्रात नव्हते, इतरत्र होते. अभंगात, भारुडात, कीर्तनात होते. दहा दिवस चालणाऱ्या गरुडपुराणाच्या वाचनात होते. सोलापूरच्या लिंगायत घरांत माणूस गेला की देह आडवा न ठेवता बसवतात, अंगाला विभूती लावतात, फुलांनी सजवलेल्या विमानातून नेतात. गल्लीतली लहान पोरेही तो बसलेला देह पाहत मोठी होतात. जिथे मृत्यू असा डोळ्यांसमोर बसत होता, तिथे चित्रात वेगळी कवटी काढायची गरज कोणाला वाटावी? माझ्या म्हणण्यावर घेता येईल असा सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे, आणि तो रास्त आहे.

पण मधल्या काळात एक गोष्ट बदलली. फोटो आला. त्याने हुबेहूब चेहरा स्वस्त केला. युरोपात जे होल्बाइनला बोलावणाऱ्यालाच मिळत होते ते इथे गिरणीकामगाराला, विडी वळणाऱ्या बाईला, हातमागावरच्या विणकराला मिळू लागले. ही फार मोठी लोकशाही होती आणि तिचे मोल कमी समजू नये. हुबेहूब चेहरा आला, त्याबरोबर त्याला आवर घालणारा कुठलाच संकेत मात्र आला नाही. वीरगळाचा साचा तेवढा मागल्या दाराने परत आला. आईवडील गेले की रेशनकार्डावरचा, लग्नाच्या गर्दीतला, ओळखपत्रावरचा फोटो शोधायचा, स्टुडिओत मोठा करून घ्यायचा. मागचे नातेवाईक कापून टाकायचे, पार्श्वभूमी निळी करायची, वडिलांच्या अंगात त्यांनी कधी न घातलेला कोट घालायचा. सुरकुत्या पुसायच्या. ऐंशी वर्षांच्या आजोबांच्या हाराआड पंचेचाळीस वर्षांचा गृहस्थ हसतो. टाकावरच्या घोड्याची जागा कोटाने घेतली.

चेहरा नसणे म्हणजे काय हे ज्याने सगळ्यात खोल जाणले, तो चित्रकार याच जिल्ह्यात जन्मला. मकबूल फिदा हुसेन, जन्म १७ सप्टेंबर १९१५, पंढरपूर. ते दीड वर्षाचे असताना आई झैनब गेली. तिचा एकही फोटो नव्हता, आणि एवढ्या लहानपणाचा चेहरा आठवण्याची सोय नाही. पुढे कुटुंब इंदूरला गेले. जगाने हुसेनांचे घोडे पाहिले. मदर तेरेसांवरची त्यांची मालिका पाहताना मात्र पंढरपूर आठवते. त्या चित्रांत निळ्या काठाची पांढरी साडी आहे, तिच्या चुण्या आहेत, हात आहेत, कुशीत मूल किंवा मरणाच्या दारातला माणूस आहे. चेहऱ्याच्या जागी रिकामा अंधार. आईचा चेहरा आठवत नाही म्हणून आपल्या चित्रांतल्या बायकांना चेहरे येत नाहीत, असे हुसेन सांगत. मांडीवर आडवा पडलेला निर्जीव देह आणि त्याला सावरणारी साडीतली बाई पाहिली की मायकेलअँजेलोची 'पिएता' आठवल्याशिवाय राहत नाही. प्रबोधनकाळाच्या शिल्पकाराने मृत मुलगा धरलेल्या आईला नितळ, तरुण चेहरा दिला. पंढरपूरच्या चित्रकाराने आईला चेहराच दिला नाही, कारण खोटा देण्यापेक्षा रिकामा ठेवणे त्याला प्रामाणिक वाटले. आपल्याकडच्या व्यक्तिचित्रात मृत्यूची इतकी खरी खूण मला दुसरी दिसत नाही. ना हार, ना ज्योत, ना कवटी. नुसती रिकामी जागा, जिथे एक बाई होती.

दोन्ही परंपरा एकाच जागी भेटलेलेही एक ठिकाण आहे, आणि ते थेट फ्लॉरेन्समध्ये आहे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज विलायतेहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी तिथे वारले. वय अवघे वीस. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचे दहन झाले. १८७४ मध्ये तिथे छत्री उभी राहिली, आराखडा चार्ल्स मँटचा आणि आत राजारामांचा अर्धपुतळा इंग्रज शिल्पकार फुलरचा. छत्री आपली, संगम आपला, हुबेहूब चेहऱ्याचा हट्ट युरोपचा. त्याच शहरात सांता मारिया नोव्हेल्ला या चर्चमध्ये माझाच्चोने १४२७ च्या सुमारास भिंतीवर काढलेल्या चित्राच्या तळाशी सांगाडा पहुडला आहे. राजारामांच्या छत्रीत सांगाडा नाही. पण वीस वर्षांच्या मुलाचा त्याचाच चेहरा आहे, आणि त्याचे दहन जिथे झाले तीच जागा आहे. स्मारकाला याहून जास्त काही लागत नाही. आज फ्लॉरेन्सचे लोक शेजारच्या पुलालाही 'त्या भारतीयाचा पूल' या अर्थाच्या नावाने ओळखतात.

सोलापूरला आपल्या मृतांचे चेहरे सार्वजनिक करण्याची मोठी सवय आहे, आणि त्याला कारणही आहे. १९३० च्या मे महिन्यात हे शहर इंग्रजांच्या हातून निसटले, मग लष्करी कायदा लागला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा फासावर गेले. लिंगायत, मुसलमान, मराठा, मारवाडी. शहराने त्यांचे चेहरे कधी वेगळे केले नाहीत, चौघे नेहमी एका रांगेत असतात. ती रांग हेच सोलापूरचे सर्वांत चांगले व्यक्तिचित्र. मात्र फलकांवर ते चार चेहरे छापताना आपण त्यांचे वीरगळ करून टाकतो: तेजस्वी नजर, तिरंगा, फासाचा दोर. त्यांतला कुर्बान हुसेन विशीतला पत्रकार होता, 'गझनफर' नावाचे पत्र चालवत होता, हे किती फलक सांगतात? दोर सगळ्यांना ठाऊक आहे. लेखणी कोणाच्या लक्षात नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचेही तसेच. १९१० मध्ये सोलापुरात जन्मलेला हा डॉक्टर १९३८ मध्ये चीनला गेला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, ३२ व्या वर्षी, अपस्माराने गेला. युद्धात गोळी लागून नव्हे, आजाराने. आजारी असूनही तो काम करत राहिला, हे त्याच्या पुतळ्यावर दिसत नाही. मृत्यूचा खरा तपशील झाकला की माणूस पूज्य होतो, पण पुसटही होतो. आजारी डॉक्टर इतरांना बरे करत होता हे कळले, तरच त्याच्यापासून पुढच्या पोरांना काही घेता येईल.

आता मूळ आक्षेपाकडे. मृत्यूचे भान आपल्याकडे कीर्तन-अभंगांनी सांभाळले, चित्राने नव्हे, तर मग चित्राला का दोष द्यायचा? उत्तर असे की आज आपण किती वेळ काय पाहतो ते पाहा. दिवसभरात कानावर पडणाऱ्या अभंगांपेक्षा डोळ्यांपुढून जाणारे चेहरे शेकडो पटींनी जास्त आहेत. मोबाइलमध्ये, चौकात, टेंपोच्या मागच्या काचेवर. वारी ओस पडलेली नाही, आषाढीला आजही लाखो पावले पंढरपूरकडे चालतात. पण पालखी जिल्ह्यात शिरते त्या वाटेवर वारकऱ्यांचे स्वागत करणाऱ्या फ्लेक्सवर विठोबा कोपऱ्यात असतो आणि स्वागत करणारा मध्यभागी, विठोबाच्या चौपट. ज्या परंपरेने पायरी होणे मागितले तिच्याच वाटेवर ही गर्दी आहे. अभंगाने केलेले काम चेहऱ्यांच्या या पुराने वाहून नेले आहे, आणि म्हणून आता ते काम चेहऱ्यानेच करायला हवे.

याचा अर्थ आपण आपल्या फोटोत कवट्या ठेवाव्यात असा नाही. ते अंगाला न बसणारे होईल, आणि युरोपातही अखेर त्याची फॅशन झाली. होल्बाइनकडून घ्यायची आहे ती वृत्ती: आपल्या चित्राचा निर्णय आपण शुद्धीत असताना घेणे, आणि त्यात खोटे न ठेवणे. बुर्कमायर नवराबायको ज्या थकल्या डोळ्यांनी बसले, तसे बसणे. वय लपवायचे नाही. कामाचे हात दिसू द्यायचे. मागचा माग, दुकान, शेत कापून निळा पडदा लावायचा नाही. आणि वय, साल लिहायचे. होल्बाइनने खंजिराच्या म्यानावर वय लिहिले होते तसे, कुठेही, पण लिहायचे. आज दँतव्हिलचे वय आपल्याला सांगता येते, कारण ते लिहिलेले आहे. आपल्या गावच्या वीराचे नाव सांगता येत नाही, कारण ते कोणी लिहिले नाही.

तेव्हा वाचकांना माझी विनंती चार साध्या कामांची आहे. भिंतीवरच्या हार घातलेल्या फ्रेमा उतरवा आणि मागच्या बाजूला पूर्ण नाव, गाव, जन्म-मृत्यूचे साल, केलेले काम आणि मृत्यूचे कारण लिहा. घरात ते सांगू शकणारे म्हातारे माणूस आहे तोवर लिहा. गावातला वीरगळ आडवा पडला असेल तर ग्रामपंचायतीला सांगून सरळ उभा करा. त्याच्यावर कपडे धुऊ देऊ नका आणि तो कुठे आहे याची नोंद ठेवा. घरात कोणी गेले आणि फ्लेक्स लावायचाच असेल तर शोकाकुल मंडळींचे फोटो काढून टाका आणि त्या जागेत गेलेल्या माणसाबद्दल चार खरी वाक्ये छापा. आणि चौथे काम स्वतःचे: आज आहात तसा, या वयाचा, रंग न उजळवलेला एक फोटो काढून घ्या आणि आपल्यानंतर हाच लावा असे घरच्यांना सांगून ठेवा. ते 'असले अभद्र बोलू नका' म्हणतील. तरीही सांगा.